बफर ओव्हरफ्लो म्हणजे काय? न्हावा शेवा बंदरातलं टर्मिनल ठप्प करणाऱ्या हल्ल्याची गोष्ट

जून २०१७ च्या शेवटच्या आठवड्यात उरण तालुक्यातल्या न्हावा शेवा इथे, जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक मोठं कंटेनर टर्मिनल अचानक थांबलं. गेटवे टर्मिनल्स इंडिया, म्हणजेच जीटीआय, हे त्याचं नाव. क्रेन मोडली नव्हती, कामगारांचा संप नव्हता आणि पावसानेही काही बुडवलं नव्हतं. कोणता कंटेनर कोणाचा आहे, हे सांगणारे संगणकच बंद पडले होते.

२७ जून २०१७ ला युक्रेनमधून सुरू झालेला 'नॉटपेट्या' नावाचा सायबर हल्ला त्याला कारणीभूत होता. या हल्ल्याच्या हत्यारांपैकी एक होतं विंडोजमधल्या एका जुन्या चुकीचा फायदा घेणारं. या प्रकारच्या चुकीला 'बफर ओव्हरफ्लो' म्हणतात.

सायबर हल्ल्यांच्या बातम्यांमध्ये हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ काय, एका चुकीच्या आकडेमोडीतून बंदर ठप्प होण्यापर्यंत गोष्ट कशी जाते आणि ठाकुर्ली-डोंबिवलीतल्या एखाद्या छोट्या ऑफिसने त्यातून काय शिकायचं, ते पाहूया.

बफर ओव्हरफ्लो म्हणजे नेमकं काय?

ओव्हरफ्लो म्हटलं की आपल्याला सोसायटीची पाण्याची टाकी आठवते. पंप बंद करायला विसरलं की टाकी भरून वाहते आणि पाणी गच्चीवर पसरतं. संगणकात मात्र भोवती मोकळी गच्ची नसते. तिथे टाकीला लागूनच शेजाऱ्याचं घर असतं.

प्रोग्रॅम चालू असताना त्याला माहिती तात्पुरती ठेवायला जागा लागते. संगणकाच्या मेमरीत ठरावीक मापाची अशी जागा राखून ठेवली जाते. तिला बफर म्हणतात. या जागा मेमरीत एकीला लागून एक असतात. मधे भिंत नसते, फक्त हिशेब असतो. इथपर्यंत माझी जागा, इथून पुढे तुझी.

आता एका हजेरीपटाची कल्पना करा. त्यात नावासाठी २० चौकटी आहेत आणि त्यांना लागूनच पगाराच्या ५ चौकटी. कारकुनाला सांगितलंय, समोरच्या कागदावरचं नाव जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. त्याने चौकटी मोजल्याच नाहीत आणि कोणी २५ अक्षरांचा मजकूर दिला, तर शेवटची ५ अक्षरं पगाराच्या रकान्यात जाऊन बसतील.

मजकूर चुकून लांब झाला असेल, तर पगाराच्या जागी निरर्थक अक्षरं येतील आणि काम अडेल. संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम क्रॅश होईल. पण देणाऱ्याने मुद्दाम शेवटची पाच अक्षरं '९००००' अशी लिहिली असतील तर? कारकुनाने फक्त नाव उतरवलं. पगार मात्र बदलला. पुढे पैसे देणारा माणूस तो आकडा खरा मानूनच पैसे देणार.

हाच बफर ओव्हरफ्लो. बाहेरून आलेली माहिती तिच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावते की नाही, हे प्रोग्रॅमने तपासलं नाही आणि जास्तीची माहिती शेजारच्या जागेत सांडली.

सांडलेल्या माहितीतून हल्लेखोराला काय मिळतं?

मेमरीत शेजारी काय ठेवलेलं आहे, यावर ते अवलंबून असतं. कधी तिथे दुसऱ्या कामाची माहिती असते. कधी त्याहून नाजूक गोष्ट असते. 'हे काम संपल्यावर पुढे कोणत्या पत्त्यावर जायचं', अशी प्रोग्रॅमची स्वतःसाठीची नोंद तिथे असू शकते.

हल्लेखोराने मोजूनमापून पाठवलेल्या मजकुराने ती नोंद पुसून तिथे दुसरा पत्ता लिहिला, तर संगणक निमूटपणे त्या पत्त्यावर जातो. तिथे हल्लेखोराच्याच सूचना ठेवलेल्या असतात. या क्षणापासून संगणक परक्याचा प्रोग्रॅम चालवायला लागतो. कोणी पासवर्ड चोरलेला नसतो, कोणी चुकीच्या लिंकवर क्लिक केलेलं नसतं. संगणकाने फक्त आलेला एक संदेश वाचलेला असतो.

बफर ओव्हरफ्लो सगळ्यात जास्त सर्व्हरमध्ये का धोकादायक ठरतो, त्याचं उत्तर इथेच आहे. सर्व्हरचं कामच मुळी अनोळखी संगणकांकडून आलेले संदेश वाचण्याचं असतं. तो रात्रंदिवस चालू असतो, त्याच्यापुढे माणूस बसलेला नसतो आणि त्याच्याकडे सगळ्या ऑफिसच्या फाइल्स असतात.

ही चूक किती जुनी आहे?

फार जुनी. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेला 'मॉरिस वर्म' इंटरनेटवर पसरला. वर्म म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर स्वतःहून जाणारा प्रोग्रॅम. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक बफर ओव्हरफ्लोची होती. 'फिंगर' नावाची सेवा देणाऱ्या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये ५१२ बाइट्सची जागा होती आणि येणाऱ्या ओळीची लांबी कोणीच मोजत नव्हतं.

२५ जानेवारी २००३ ला 'एसक्यूएल स्लॅमर' आला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० या कंपन्यांच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये बफर ओव्हरफ्लो होता. हा संपूर्ण वर्म अवघ्या ३७६ बाइट्सचा होता, म्हणजे मराठीतल्या एक-दोन वाक्यांएवढा. सुमारे १० मिनिटांत त्याने ७५ हजारांच्या आसपास संगणक गाठले. ही चूक दुरुस्त करणारा पॅच मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच दिला होता.

चूक सापडते, दुरुस्ती येते, ती अनेक ठिकाणी बसवली जात नाही आणि मग हल्ला होतो. हा क्रम लक्षात ठेवा. २०१७ मध्येही नेमकं हेच झालं.

'इटर्नलब्लू'मध्ये माप कुठे चुकलं?

ऑफिसमधला एक संगणक दुसऱ्यावरची फाइल उघडतो, किंवा सगळे मिळून एकच प्रिंटर वापरतात, तेव्हा विंडोजमध्ये 'एसएमबी' नावाची पद्धत काम करत असते. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. नव्या आवृत्त्या आल्या तरी जुन्या यंत्रांशी जमावं म्हणून ही आवृत्ती विंडोजमध्ये कायम राहिली.

या जुन्या आवृत्तीत फाइलविषयीच्या काही जादा नोंदींची यादी पाठवता येते. यादी जुन्या पद्धतीने लिहिलेली असते. विंडोज ती नव्या पद्धतीत उतरवून घेतं. त्यासाठी आधी यादीचं माप काढायचं, तेवढी जागा घ्यायची आणि मग नोंदी तिथे उतरवायच्या.

यादीत शेवटी अर्धवट नोंद असेल तर ती सोडून द्यायची आणि यादीच्या लांबीचा आकडा तेवढा कमी करायचा, असा नियम होता. चूक हा आकडा कमी करण्यात होती.

आपल्या नेहमीच्या आकड्यांत पाहू. वहीत १,००,००० लिहिलंय आणि ते दुरुस्त करून ९९,९०० करायचंय. त्यासाठी उजवीकडची पाच घरं बदलावी लागतील आणि डावीकडचा १ पुसावा लागेल. पण कारकुनाने फक्त उजवीकडची पाच घरं बदलली आणि १ तसाच ठेवला तर? आकडा होईल १,९९,९००. कमी करायला गेलेली रक्कम जवळजवळ दुप्पट झाली.

विंडोजमध्ये असंच घडत होतं. लांबीचा आकडा ३२ बिटांच्या जागेत लिहिलेला होता, पण तो कमी करणारा कोड त्यातले खालचे १६ बिटच बदलत होता. १६ बिटांत जास्तीत जास्त ६५,५३५ हा आकडा मावतो. यादी त्याहून लहान असेपर्यंत सगळं ठीक चालायचं, म्हणून चूक वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेत आली नाही. पण हल्लेखोराने ६५,५३६ लांबीची यादी पाठवली आणि ती ६५,३७३ वर आणायची वेळ आली, की वरचा १ तसाच राहायचा आणि आकडा व्हायचा १,३०,९०९.

जागा मात्र लहान मापानेच घेतलेली. उतरवून घेणारा भाग मोठा आकडा खरा मानून ओतत राहायचा आणि जास्तीचा मजकूर शेजारच्या मेमरीत सांडायचा. एवढी मोठी यादी नेहमीच्या मार्गाने पाठवताच येत नव्हती. त्यासाठी संदेशाचा प्रकार मधेच बदलू देणाऱ्या आणखी एका ढिलाईचा फायदा घेतला जात होता.

आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात. इथे मोजणारा आणि ओतणारा वेगवेगळा होता आणि दोघांची मापं जुळत नव्हती. शिवाय हे सगळं विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये घडत होतं. तिथे ताबा मिळाला की अख्खा संगणक हातात येतो.

ही चूक कोणाला माहीत होती?

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला. या चुकीचा फायदा घेणारं हत्यार तिने बनवलं होतं. 'इटर्नलब्लू' हे त्याचं नाव. चूक मायक्रोसॉफ्टला न सांगता ते हेरगिरीसाठी वापरलं गेलं. मग ते बाहेर फुटलं. तारखा पाहिल्या की पुढचं चित्र स्पष्ट होतं.

१४ मार्च २०१७: मायक्रोसॉफ्टने 'एमएस१७-०१०' या क्रमांकाचा पॅच दिला. त्यातली मुख्य चूक 'सीव्हीई-२०१७-०१४४' म्हणून नोंदवली गेली.

१४ एप्रिल २०१७: 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या गटाने इटर्नलब्लू इंटरनेटवर खुलं केलं.

१२ मे २०१७: 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर वर्म त्याच वाटेने पसरला. सुमारे १५० देशांत दोन लाखांहून जास्त संगणक बाधित झाले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीसारख्या, आधार संपलेल्या आवृत्त्यांसाठीही तातडीने पॅच दिला.

२७ जून २०१७: नॉटपेट्या.

पॅच आल्यापासून नॉटपेट्यापर्यंत १०५ दिवस गेले होते. मधे वॉनाक्रायची घंटाही वाजून गेली होती.

युक्रेनमधला हल्ला रायगड जिल्ह्यात कसा पोहोचला?

युक्रेनमध्ये करभरणा आणि हिशेबासाठी 'मीडॉक' नावाचं सॉफ्टवेअर सर्रास वापरलं जायचं. हल्लेखोरांनी ते बनवणाऱ्या कंपनीच्या अपडेट सर्व्हरवरच ताबा मिळवला आणि अपडेटमधून नॉटपेट्या ग्राहकांच्या संगणकांत उतरवला. युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी तो फुटला.

युक्रेनमध्ये कार्यालय असलेल्या अनेक परदेशी कंपन्याही त्यात सापडल्या. डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क ही त्यातली एक. 'वायर्ड' मासिकाने २०१८ मध्ये दिलेल्या वृत्तांतानुसार, मर्स्कच्या ओडेसा इथल्या कार्यालयात एका संगणकावर मीडॉक बसवलेलं होतं. नॉटपेट्याला शिरायला एवढं पुरेसं होतं. तिथून तो कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरला.

जवाहरलाल नेहरू बंदरातलं जीटीआय टर्मिनल मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्स या कंपनीचं. भारत सरकारच्या कॉन्कॉर या कंपनीचाही त्यात वाटा आहे. रॉटरडॅम, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कजवळचं एलिझाबेथ इथल्या एपीएमच्या टर्मिनलांबरोबर न्हावा शेवाही थांबलं. बंदरातली इतर कंपन्यांची टर्मिनलं चालू होती, कारण त्यांचं नेटवर्क वेगळं होतं.

संगणक बंद पडला तर बंदर का थांबतं?

क्रेन विजेवर चालते आणि ट्रेलर डिझेलवर. मग हाताने काम का करता येत नाही?

कंटेनर टर्मिनलवर हजारो पेट्या एकावर एक रचलेल्या असतात. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. प्रत्येकीवर चार अक्षरं आणि सात आकडे असलेला क्रमांक असतो. हा क्रमांक कोणत्या रांगेत, कितव्या थरावर आहे, कोणत्या जहाजावर चढायचा आहे, कस्टमची परवानगी मिळाली का, हे सगळं टर्मिनलच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं. गेटवर आलेल्या ट्रेलरला आत सोडायचं की नाही, हेही तेच ठरवतं.

ते गेलं की पेटी डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. खालच्या थरातली एक पेटी काढायला वरच्या पेट्या हलवाव्या लागतात. नेमकी कुठली हलवायची हेच माहीत नसेल, तर क्रेन असून उपयोग नाही. जीटीआयमध्ये हेच झालं. कोणता माल कोणाचा, हे ओळखता येईना. काम हाताने करण्याचे प्रयत्न सुरू झाले. येणारा आणि जाणारा माल तुंबायला लागला आणि बंदर प्रशासनाला अडकलेल्या मालासाठी पार्किंगची सोय करावी लागली.

डोंबिवली एमआयडीसीतून निघालेला निर्यातीचा माल कल्याण-शीळ रस्त्याने, तळोजा-कळंबोलीच्या बाजूने याच बंदराकडे जातो. जहाज चुकलं की पुढच्या जहाजाची वाट पाहायची. ट्रेलरचं थांबण्याचं भाडं वाढत राहतं आणि पलीकडचा ग्राहक खोळंबतो. एका दूरच्या कार्यालयातल्या सॉफ्टवेअरची किंमत अशी तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते. त्याने ना मीडॉक वापरलेलं असतं, ना एसएमबीचं नाव ऐकलेलं असतं.

पॅच बसवलेले संगणकही का पडले?

२०१७ च्या हल्ल्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा. पण तो सहसा सांगितला जात नाही.

नॉटपेट्याकडे दोन वाटा होत्या. पॅच नसलेला संगणक दिसला की इटर्नलब्लू आणि त्याच्यासारखंच 'इटर्नलरोमान्स' हे दुसरं हत्यार. पॅच असलेला संगणक दिसला की चोरलेला पासवर्ड. एका संगणकात शिरल्यावर तो मेमरीत पडलेले पासवर्ड वेचायचा. त्यात नेटवर्क सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड सापडला, की विंडोजचीच अधिकृत साधनं वापरून शेजारच्या, पूर्ण अपडेट केलेल्या संगणकातही शिरायचा.

म्हणजे १०० संगणकांपैकी ९९ अपडेट केले आणि एक राहिला, तर तो एकच संगणक बाकीच्यांची किल्ली देऊ शकत होता. सोसायटीच्या ९९ घरांना कुलूप आहे, पण उघड्या राहिलेल्या शंभराव्या घरात सगळ्यांच्या जादा किल्ल्या टांगलेल्या आहेत, अशी ती गत.

शिरल्यावर नॉटपेट्या डिस्कवरची माहिती कुलूपबंद करायचा आणि ३०० डॉलर मूल्याचे बिटकॉइन मागायचा. ते नाटक होतं. पडद्यावर दिसणारा क्रमांक निव्वळ अंदाधुंद अक्षरांचा होता. पैसे भरले तरी माहिती परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. संपर्कासाठी दिलेला ईमेल पत्ताही सेवा देणाऱ्या कंपनीने त्याच दिवशी बंद केला.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने या हल्ल्यासाठी रशियाच्या लष्कराला जबाबदार धरलं. रशियाने हे नाकारलं. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेतल्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार जगभरचं एकूण नुकसान सुमारे १,००० कोटी डॉलरचं होतं.

मर्स्क पुन्हा उभी कशी राहिली?

कंपनीने स्वतः सांगितलेला तोटा २५ ते ३० कोटी डॉलर. अध्यक्ष जिम हॅगेमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं, की १० दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० अ‍ॅप्लिकेशन्स नव्याने बसवावी लागली. तोवर कर्मचारी खासगी ईमेल, एक्सेल आणि व्हॉट्सॲपवर बुकिंग घेत होते.

एक गोष्ट मात्र नशिबाने वाचली. नेटवर्कमध्ये कोणाला कुठे प्रवेश आहे, याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात. मर्स्कचे असे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते, त्यामुळे एक गेला तर दुसरा आहे, असा भरवसा होता. पण सगळे एकाच नेटवर्कवर असल्याने सगळे एकदमच गेले. फक्त घानातला एक उरला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कवर नव्हता. त्याच्या डिस्कवरून पुढची सगळी उभारणी झाली.

सदैव जोडलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हे, हे यापेक्षा स्वच्छ शब्दांत सांगता येणार नाही.

अशी चूक आजही का होते?

मोठ्या सर्व्हर सॉफ्टवेअरचा बराचसा भाग सी आणि सी++ या भाषांत लिहिलेला आहे. त्या वेगवान आहेत, पण माप तपासण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर सोडतात. लाखो ओळींमध्ये एका ठिकाणी विसर पडला तरी पुरे. आपल्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षाविषयक चुकांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीशी संबंधित असतात, असं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं.

बचावाचे उपायही आले. बफरच्या कडेला एक खुणेची किंमत ठेवायची आणि ती बदलली तर प्रोग्रॅम थांबवायचा. माहितीच्या जागेतून सूचना चालवू द्यायच्या नाहीत. मेमरीतले पत्ते दर वेळी बदलायचे. यामुळे हल्ला अवघड होतो, अशक्य होत नाही. रस्टसारख्या नव्या भाषा माप आपोआप तपासतात. पण जुनं सॉफ्टवेअर नव्याने लिहायला वर्षं लागतात.

फोनही यातून सुटलेला नाही. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलिंगच्या भागात बफर ओव्हरफ्लो सापडला. फक्त एक कॉल करून, तो उचलला नाही तरी, फोनमध्ये 'पेगॅसस' हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवता येत होतं. सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केल्याचं कंपनीने सांगितलं. त्यात भारतातले काही पत्रकार आणि मानवी हक्क कार्यकर्तेही होते. त्यामुळे 'व्हॉट्सॲप अपडेट करा' ही सूचना फक्त नव्या इमोजींसाठी नसते.

ठाकुर्ली-डोंबिवलीतल्या छोट्या ऑफिसने काय करावं?

सीएचं ऑफिस, क्लास, दवाखाना किंवा एमआयडीसीतलं युनिट असेल, तर कोपऱ्यात एक सर्व्हर आणि पाच-दहा संगणक असतात. संगणक सांभाळणारा माणूस आठवड्यातून एकदा येतो. त्याला पुढची कामं सांगा आणि झाली का, ते विचारा.

१. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद करा. जुना प्रिंटर किंवा स्कॅनर तिच्यावरच चालत असेल, तर तो बदलण्याचा खर्च मोजून ठेवा. एका स्कॅनरसाठी सगळं ऑफिस उघडं ठेवणं महागात पडतं.

२. इंटरनेटच्या राउटरवर ४४५ क्रमांकाचं पोर्ट बाहेरून उघडं नाही ना, हे तपासा. फाइल शेअरिंग ऑफिसच्या आतच राहायला हवं.

३. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्यानंतरच्या एका ठरलेल्या संध्याकाळी सर्व्हर अपडेट करून रीस्टार्ट करायचा, असा नियमच करा. 'काम चालू आहे, नंतर बघू' हे उत्तर दर महिन्याला खरंच असतं, म्हणून वेळ आधी ठरलेली हवी.

४. आधार संपलेलं विंडोज नेटवर्कवर ठेवू नका. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. एखाद्या यंत्राला जुनं विंडोज लागतच असेल, तर तो संगणक बाकीच्यांपासून वेगळा ठेवा.

५. सगळ्या संगणकांवर एकच अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवू नका आणि रोजच्या कामासाठी अ‍ॅडमिन म्हणून लॉगइन करू नका. नॉटपेट्याची दुसरी वाट इथेच बंद होते.

६. बॅकअपची एक हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवा. दोन-तीन महिन्यांतून एकदा तिच्यावरची फाइल उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

७. महत्त्वाचे फोन क्रमांक, चालू ऑर्डरी आणि येणी-देणी यांची छापील यादी ठेवा. संगणक बंद पडल्यावर पहिले दोन दिवस तीच कामाला येते.

८. हल्ला झालाच, तर सगळ्यात आधी नेटवर्कची केबल काढा आणि वाय-फाय बंद करा. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना सहा तासांच्या आत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक आणीबाणी पथकाला, कळवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. बँक खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० वर लगेच फोन करा.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं नूतनीकरण करताना किंवा वार्षिक देखभालीचा करार करताना ही यादी समोर ठेवली, तर तेवढ्यात काम होतं.

बफर ओव्हरफ्लोची चूक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची असते. ती आपल्याला दिसत नाही आणि आपल्या हातातही नसते. पण दुरुस्ती आल्यानंतरचे दिवस आपल्या हातात असतात. २०१७ मध्ये असे १०५ दिवस मिळाले होते. पुढच्या वेळी किती मिळतील, हे आधी कोणी सांगत नाही. तुमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर शेवटचा अपडेट कोणत्या तारखेला बसला, हे उद्या सकाळी विचारून घ्या.